काय झालं ते सांग

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत बाई मला मागच्या बाकावर बसवतात, तरी पुढच्या बाकावरच्या मुली कान झाकतात. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी हजेरीचं "हजर"सुद्धा माझ्या ओठांतच विरायचं. मग एका शनिवारी आजोबांनी मला मैदानाच्या कठड्याला टेकवून उभं केलं आणि म्हणाले, "नेल, इथं तुला कुणी गप्प बस म्हणणार नाही. ओरड." मी ओरडले. पुढच्या रांगेतल्या एका माणसाचा चहा सांडला. त्या दिवसापासून आजोबा मला 'भोंगा' म्हणायला लागले.

आमचा फुटबॉल क्लब स्केल्बी टाउन. समुद्राकाठचं गाव, धक्क्यावर कायम मासळीचा वास, म्हणून बाहेरचे लोक आम्हाला 'बांगडे' म्हणून चिडवतात. आम्ही चिडत नाही. आमच्या मफलरवर बांगडाच आहे.

हंगामातल्या शेवटच्या बाहेरगावच्या सामन्याला सोंगं काढून जायचं, ही आमच्याकडची रीत. गेल्या वर्षी अख्खी बस केळी झाली होती. एक केळं मैदानाच्या फिरत्या फाटकात अडकलं आणि त्याला मागून ढकलावं लागलं. या वर्षीची कल्पना माझी. फेब्रुवारीत आजोबा गेले. म्हणून सगळ्यांनी आजोबांचा मुखवटा घालून जायचं!

 बाबा आधी हसले, मग डोळे पुसले. बसची सगळी व्यवस्था बघणारी मो आंटी म्हणाली, "एक सिरिल ग्रिम्शॉ सांभाळताना माझे केस पिकले, आता बसभर सिरिल?" म्हणजे तिलाही आवडली होती.

फोटो धक्क्यावरचा होता. वारा सुटलेला, टोपी मागं सरकलेली, आजोबा पुढचा पडका दात दाखवत हसताहेत. जाड पुठ्ठ्यावर छापून आणला. डोळ्यांची भोकं मी स्वतः पाडली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पात्यानं, एकूण एक मुखवट्याची. बोटाला फोड आला. हे मुद्दाम सांगतेय.

आणखी एक सांगायला हवं. पेनल्टी आम्हाला मिळो नाहीतर समोरच्यांना, आजोबा ती कधीच बघत नसत. ते मैदानाकडे पाठ करायचे, माझी डावी बाही मुठीत धरायचे आणि म्हणायचे, "काय झालं ते सांग." शेजारी कुणी नाचू दे, रडू दे, मी सांगेपर्यंत वळायचे नाहीत आणि बाही सोडायचे नाहीत. मीच का? तर बाबा फुगवून सांगतात. मी सांगितलेलंच त्यांना खरं वाटायचं.

दवाखान्यात शेवटच्या भेटीतही त्यांनी बाही धरली. तेव्हा आमचा क्लब गुणतक्त्यात तळाशी होता. "राहिलो की खाली घसरलो, ते तू सांगायचंस हं भोंग्या. दुसऱ्या कुणी नाही."

"सांगीन," मी म्हणाले.

तर तो शेवटचा सामना ब्रॅकनशॉला होता. बरोबरी केली तर आम्ही विभागात राहणार. हरलो तर खालच्या विभागात.

सकाळी बस निघाली तेव्हा ऊन पडलं होतं. मी मधल्या वाटेत उभी राहून आरोळी दिली, "एकच सिरिल ग्रिम्शॉ!" आणि बसभरच्या सिरिलांनी ती उचलली. हसून हसून पोट दुखलं. आजोबांची ड्रायव्हरमागची जागा बाबांनी रिकामी ठेवली होती, तिच्यावर आजोबांचा जुना मफलर अंथरून.

चहापाण्याचा थांबा झाला. परत चढले तर त्या जागेवर कुणीतरी बसलं होतं. मुखवटा घालून, तोंड खिडकीकडे करून. गळ्यात तो मफलर.

"बाबा, तिथं कोण बसलंय?"

"बॅरी असेल. मागं त्याला मळमळतं. असू दे."

मो आंटी बिस्किटं वाटत पुढं गेली, त्याच्यासमोर पुडा धरला, थोडं थांबली आणि पुढच्याकडे वळली. परत येताना तिनं दंड चोळले. "त्या पुढच्या खिडकीतून गार हवा येतेय," ती म्हणाली. खिडकी बंद होती.

मी जवळून गेले तेव्हा आजोबा चघळायचे त्या बडीशेपेच्या गोळ्यांचा वास आला. आणि ओल्या लोकरीचा, आजोबांचा कोट पावसात भिजला की यायचा तसा. बाहेर लख्ख ऊन. मी स्वतःशीच म्हटलं, मफलरचा वास असेल. मफलरला वास राहतोच की.

ब्रॅकनशॉच्या फाटकापाशी त्यांच्या पोरांनी आम्हाला बघून शिट्ट्या मारल्या. "काय गं, वृद्धाश्रमाची सहल काय?"

"हो ना," मी ओरडले, "तुमच्या आज्या कुठायत ते विचारायला आलोय!"

आमच्या सगळ्या सिरिलांनी टाळ्या पिटल्या. बाबा म्हणाले, "नेल, जरा जपून," पण त्यांची छाती फुगलेली मला दिसली.

बाहेरून आलेल्यांना त्यांनी गोलमागच्या उघड्या पायऱ्या दिल्या होत्या. मी सगळ्यांत खाली, कठड्याजवळ उभी राहिले. पूर्वार्धातच त्यांनी गोल केला. कोपऱ्यातून मारलेला एक साधा चेंडू, आमच्या गोलकीपरच्या हातून साबणासारखा निसटला. त्यांचं सगळं मैदान गायला लागलं, "बांगडे तव्यावर! बांगडे तव्यावर!"  पण मी आणखी मोठ्यानं ओरडत राहिले. गप्प झाले की आपण हरणार असं वाटत होतं.

मध्यंतरात सगळ्यांनी मुखवटे कपाळावर सरकवले आणि चिप्स खायला लागले. आता खरी तोंडं दिसत होती, लाल, घामेजलेली, काळजीत पडलेली. बॅरी माझ्या शेजारीच व्हिनेगरनं बरबटलेली बोटं चाटत होता.

"तू बसमध्ये पुढं बसला होतास ना?" मी विचारलं.

"मी? मागंच होतो की. तुझ्या किंकाळ्या ऐकत." तो हसला. "का गं?"

मी वर बघितलं. पायऱ्यांच्या अगदी वरच्या टोकाला एकानं मुखवटा काढलेला नव्हता. कुणीतरी त्याच्या हातात चहा दिला होता. तो पीत नव्हता. नुसता धरून उभा होता.

उत्तरार्ध सुरू झाल्यावर मी मागं बघायचं नाही असं ठरवलं. तरी बघितलं. तो मधल्या पायऱ्यांवर आला होता.

पुन्हा बघितलं. आता बाबांच्या मागं होता. त्याला चालताना मी एकदाही पाहिलं नाही.

"बाबा, तुमच्या मागं कोण आहे?"

बाबांनी वळून बघितलं. "कुठे? मो तर आहे. नेल, खेळ बघ गं, वेळ संपत आलीय." त्यांचा आवाज चिरकत होता. माझा आवाज बसत चालला होता आणि गाणी एकेक करून विझत होती.

आणि मग आमच्या पोराला त्यांनी गोलसमोर पाडलं.

शिट्टी वाजली. पेनल्टी. आम्हाला.

सगळे सिरिल एकमेकांच्या गळ्यात पडले. मो आंटी देवाचं नाव घेत होती. हा एक गोल झाला की बरोबरी, आणि मग खेळायला वेळच उरलेला नव्हता. राहिलो असतो.

आमच्या कप्तानानं चेंडू ठेवला.

माझी डावी बाही ताणली गेली.

मी बघितलं नाही. आधी वास आला. बडीशेप. ओली लोकर.

मग बघितलं. तो माझ्या शेजारी, कठड्याला टेकून उभा होता. मैदानाकडे पाठ. तोंड माझ्याकडे. धक्क्यावरचं ते हसू, तो पडका दात, मागं सरकलेली टोपी.

त्या मुखवट्याला डोळ्यांची भोकं नव्हती. डोळे होते.

कप्तान धावला.

मला बघायचं नव्हतं. पण बघणं माझं काम होतं.

चेंडू डावीकडे गेला. गोलकीपरही डावीकडे गेला. त्याच्या तळव्यावर चेंडू आपटल्याचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला, गालावर थप्पड बसावी तसा. मग त्यांचं सगळं मैदान कोसळल्यासारखं ओरडलं, आणि त्या ओरडण्यातच शेवटची शिट्टी वाजून गेली.

बाबा पायरीवर बसले. बॅरीनं मुखवटा काढून त्यात तोंड लपवलं. मो आंटी म्हणत राहिली, "होतं असं, पोरांनो, होतं असं."

बाही सुटली नाही.

तो वळला नाही. हसतच होता. वाट बघत होता.

"आजोबा," मी म्हणाले.

मूठ जरा घट्ट झाली.

दोनच शब्द होते. खाली गेलो. मी तोंड उघडलं. अख्ख्या बसला, अख्ख्या मैदानाला ऐकू जाणारी मी. तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून काही आलं नाही. त्या हसऱ्या तोंडाला मी ते कसं सांगणार होते? आणि सांगितलं असतं, तर त्यांनी बाही सोडली असती.

खेळाडू टाळ्या वाजवत आमच्यापाशी आले, रडून परत गेले. पायऱ्यांवर मुखवटे पडले होते, बुटांखाली, सांडलेल्या चहात. सगळीकडे आजोबा.

"नेल! बस!" बाबांनी हाक मारली.

मी बाही ओढली. ती आली, पण सुटल्यासारखी नाही. बरोबर कुणी चालत आल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी बाबा मला आजोबांच्या थडग्यापाशी घेऊन गेले. त्यांनीच सांगितलं, "खाली गेलो, म्हाताऱ्या. पण बॉल खांबाला लागला बघ, केसाएवढा." फुगवून. मी शेजारी उभी होते. माझी डावी बाही हळूच एकदा ओढली गेली.

परवा आईनं नवीन ब्लेझर आणला. दुकानात घालून बघितला तेव्हा दोन्ही बाह्या मनगटापर्यंत होत्या. आज सकाळी शाळेला निघताना डावी बोटांवर आली होती. आईनं ती हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"आणि ही इथं चुरगळलीय कशानं? आत्ता तर इस्त्री केली मी." तिनं टोकाजवळच्या सुरकुत्यांवरून अंगठा फिरवला. बाजूबाजूला चार, आणि पलीकडे एक. "काढ, आखूड करून देते."

"नको," मी म्हणाले.

इतक्या हळू, की आईला पुन्हा विचारावं लागलं.