मी नेईन म्हणाले होते

आमचे हे, जनार्दनराव, झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात पस्तीस वर्षं नकाशे काढत होते. घरीसुद्धा कागदावर रेघ ओढल्याशिवाय त्यांना काही ठरवता येत नसे. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी आफ्रिकेचा नकाशा काढायला घेतला. केनियातली मारा नदी, तिच्या वळणावरचं लॉज, शेजारची मसाई लोकांची वस्ती, लहान विमानाची धावपट्टी. सीपरी बाजारातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर तो कागद नऊ वर्षं पसरलेला होता. आम्ही त्याच्या कडेकडेने जेवत असू. मला अक्षरं बासष्टाव्या वर्षी ह्यांनीच त्या टेबलावर शिकवली. ग गवताचा, ज जिराफाचा.

"तिथे सिंहसुद्धा दुपारी झोपतो, रुक्मिणीबाई," ते म्हणत. "आणि तू मला भर उन्हात भाजीला पाठवतेस."

"शिकार सिंहीण करते म्हणून झोपतो तो. तुमच्यासारखाच."

जायचं मात्र राहत गेलं. आधी त्यांचे गुडघे, मग माझा मोतीबिंदू, मग पुढच्या वर्षी नक्की. गेल्या माघात एका सकाळी दाढी करता करता ते गेले.

दहावा ओरछ्याला, बेतवेच्या काठी केला. पिंड मांडला, पण कावळा शिवेना. समोरच्या दगडावर सात-आठ बसले होते, एकही उतरेना. सलील, माझा मुलगा, हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." कावळे तसेच. "तुमच्या नातीचं, अनुयाचं शिक्षण पुरं करीन." तसेच. पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका काम थांबवून आमच्याकडे बघत होत्या. ऊन चढत गेलं. दोन तास झाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, मी तुम्हाला आफ्रिकेला घेऊन जाईन."

वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर होता.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दत्तात्रेय गुरुजी मात्र खूश दिसले नाहीत. ऑटोकडे चालताना ते हळूच म्हणाले, "वहिनी, 'इच्छा पुरी करू' एवढंच म्हणायचं असतं. तुम्ही 'घेऊन जाईन' म्हणालात. घेऊन जायचं तर तोवर जवळ ठेवून घ्यावं लागतं."

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. गुरुजींचं वय झालं, एवढंच मनात आलं.

एप्रिलमध्ये सदर बाजारात अक्षत भैयाच्या ट्रॅव्हल ऑफिसात गेले. ह्यांचा कागद त्याच्यासमोर पसरला. जुलैची तारीख धरली. मसाई वस्तीत एक दिवस, लॉजवर पाच. फॉर्म त्यानेच भरला. माणसं एक, जेवण शाकाहारी.

आठवड्याने त्याचा फोन आला. "माताजी, लॉज से जवाब आया है. दो पलंग लिखा है."

"अरे, मी एकटी आहे."

"वही तो. मैंने भी एक ही भेजा था. और लिखा है, खिड़की वाले पलंग पर तकिया नहीं रखेंगे. ये आपने बोला था?"

मी काही बोलले नव्हते. हे जन्मभर उशीशिवाय झोपले.

"गलती होगी," अक्षत म्हणाला. "ठीक करवा देता हूँ." त्याने दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं.

लहान विमानात पंधरा किलोच चालतात, तेही मऊ पिशवीत. ह्यांनी तशी पिशवी आणि वजनाचा ताणकाटा दोन्ही आधीच आणून ठेवलं होतं. मी माझे कपडे, शाल, औषधं भरली. काट्याला लावली. अकरा किलो. दुसऱ्या दिवशी स्वेटर घालायचा राहिला म्हणून घातला आणि पुन्हा लावली. पंधरा.

सगळं बाहेर काढलं. माझेच कपडे, माझीच शाल. सुटं सुटं वजन केलं, स्वेटर धरून साडेअकरा भरलं. पिशवीत घातलं की पंधरा. काटा बिघडला म्हणावं, तर तांदळाची पाच किलोची थैली बरोबर पाच दाखवत होता.

पिशवी उघडली की वास येई. वाळलेलं गवत, शेण, आणि लांब कुठेतरी पाऊस पडून गेल्यासारखा. मे महिना होता. झाशीत तेव्हा नुसती लू असते.

मला भीती वाटली नाही, खरं सांगते. दुपारी ती पिशवी मी पलंगावर माझ्या शेजारी ठेवू लागले. झोप चांगली लागायची.

तिकडे जायला पीतज्वराची लस लागते. डॉक्टर म्हणाले, "सत्तरीच्या पुढे जोखीम असते. पण मी नाही म्हणत नाही. विचार करून सांगा."

घरी येऊन मी पिशवीजवळ बसले. हातात घेऊन पाहिली. तिकडे गेलं की वचन पुरं होणार होतं. तो भार तिथे ठेवून मला हलकी पिशवी घेऊन एकटीने परत यायचं होतं.

सलीलला फोन केला. "डॉक्टर नाही म्हणाले रे."

मी खोटं बोलले. ह्यांना ठेवून घ्यायचं म्हणून बोलले.

अक्षतला रद्द करायला सांगितलं. संध्याकाळी पिशवी उचलली आणि हात झटकन वर गेला. काट्याला लावली. साडेअकरा. वास नव्हता.

हे फेब्रुवारीत गेले. घर रिकामं झालं ते जूनमध्ये.

चार दिवसांनी लॉजवरून व्हिडिओ कॉल आला; नंबर अक्षतने दिला होता. वेळ दुपारची. अनुया, माझी नात, सुट्टीला आली होती. तिने फोन टेबलावर टेकवून ठेवला. पडद्यावर लाल वस्त्र पांघरलेला एक मसाई तरुण होता. नाव लेमायान. मागे व्हरांडा, त्यामागे नदी.

त्याने पडद्यासमोर डोकं झुकवलं आणि तसाच थांबला.

"आजी, त्यांच्यात ना, छोटे लोग असं डोकं झुकवतात," अनुया म्हणाली. "मोठ्यांनी वर हात ठेवायचा."

मी काचेवर हात ठेवला. तो हसला.

"त्याला सांग, मला येता येत नाही. माफ कर म्हणावं."

अनुयाने इंग्रजीत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग काही बोलला. अनुया गोंधळली. "तो म्हणतो, तुम्ही काळजी करू नका. इथे सगळं ठीक आहे."

"म्हणजे काय?"

"पता नहीं, आजी."

लेमायानच्या शेजारी एक वेताची खुर्ची होती. रिकामी.

तो तिच्याकडे वळला. तिच्यासमोर डोकं झुकवलं.

थांबला.

बराच वेळ थांबला. मग समाधानाने वर झाला.

"अहो," मी म्हणाले.

लेमायानने खुर्चीकडे पाहिलं. काहीतरी ऐकल्यासारखी मान हलवली. मग दोन्ही हातांनी त्याने ती खुर्ची नदीच्या बाजूला फिरवली, आमच्याकडे पाठ येईल अशी. अगदी हळू, कोणी बसलेलं असताना फिरवतात तशी.