साधी रांग

तिकीटखिडकीपुढच्या गर्दीतून एक उंच मुलगा बाहेर पडला, कुणाला तरी हाक मारायला वळला, आणि तनया आईच्या मागं सरकली.

निनाद. इथं. आजच.

त्यानं पाहिलं की नाही, तिला कळलं नाही. करडा स्वेटर, हातात चहाचा कागदी कप, कपातून वर जाणारी वाफ — एवढंच दिसलं आणि ऑफिसच्या मित्रांच्या घोळक्यात तो आत गेला. 

नाताळच्या सुट्ट्या होत्या. जयपूरबाहेरच्या त्या पार्कात अर्धं शहर लोटलं होतं. मफलर गुंडाळलेले आजोबा, लाल टोप्या घातलेली मुलं, कचोरीचा आणि पॉपकॉर्नचा एकात एक मिसळलेला वास. कराडहून आलेल्या हर्षालीला, म्हणजे तनयाच्या चुलतबहिणीला, हे पार्क पाहायचंच होतं. म्हणून तनयाचे बाबा, उत्तमराव, सगळ्यांना घेऊन आले होते आणि आता खिडकीवरच्या फलकापाशी अडले होते.

फलकावर दोन दर होते. एक साध्या तिकिटाचा. दुसरा, बराच चढा, सोनेरी पट्टीचा. पट्टी मनगटावर बांधली की प्रत्येक खेळाला एकदा वेगळ्या वाटेनं, रांग न लावता पुढं.

उत्तमराव विमा कंपनीत अधिकारी होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आपण पैसे देऊन पुढं जायचं, तर सकाळपासून उभ्या असलेल्या माणसानं काय पाप केलंय? तनयाच्या आईचं, शालनताईंचं, म्हणणं त्याहून सरळ होतं. संध्याकाळी पुण्याला फोन करायचाय, रणजितच्या घरचे वाट बघत असतील, आणि या गर्दीत रांगा लावत बसलं तर इथंच दिवस मावळेल.

पुण्याचा फोन म्हणजे होकाराचा फोन. स्थळ चांगलं होतं, माणसं चांगली होती. मागच्या आठवड्यात बाबांनी विचारलं तेव्हा तनया म्हणाली होती, तुम्ही ठरवाल ते. स्वतः ठरवावं असं तिच्यापाशी काही उरलंच नव्हतं.

एरवी अशा वादात ती बाबांच्या बाजूनं असायची. आज म्हणाली, "पट्टी घेऊया, बाबा. लवकर आटपेल."

उत्तमरावांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "तूसुद्धा?"

"थंडी आहे..."

ऊन तर सगळ्यांच्या पाठीवर पडलं होतं. तरी त्यांनी दोघी मुलींसाठी पट्ट्या घेतल्या. आपण दोघं उन्हात बाकावर बसतो म्हणाले.

गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या माइकवर निनाद होता. जन्म जयपूरचा, घर मुरलीपुऱ्यात, वडील बँकेतून निवृत्त होऊन इथंच राहिलेले. मराठी घरापुरतं, शाळा सगळी हिंदी. 'चमचा-लिंबू शर्यत' जाहीर करताना त्यानं चमच्यातले दोन्ही च चहातल्या च सारखे म्हटले आणि तनया हसली. त्यानं माइक बंद केला. "मतलब... काय चुकलं?"

"जीभ."

"मग दुरुस्त करून द्या."

दुरुस्ती तेव्हापासून चालली होती. बनी पार्क वस्तीतल्या तिच्या घरामागच्या चहावाल्याकडं, फोनवर, कधी बसस्टॉपवर. 'चांदणं' हा शब्द तो इतक्या वेळा चुकला की ती म्हणाली, मुद्दाम चुकतोस. तो म्हणाला, हो. तू म्हणून दाखवतेस तेव्हा ओठांकडं बघता येतं. यावर ती रागावली होती... म्हणजे, रागवायचं ठरवलं होतं.

मग नोव्हेंबरात तो म्हणाला, रविवारी घरी लग्नाचं बोलतो. त्या रविवारी ती दिवसभर फोन हातात घेऊन फिरली. संध्याकाळी त्याचा निरोप आला, देवनागरीत, अगदी शुद्ध : 'लग्नाचं बोलायची चेष्टा केली. नाही जमलं. सॉरी.'

चेष्टा. थट्टा. ती गच्चीवर जाऊन उभी राहिली. एवढं सगळं बोलून झालं, आणि ती गंमत होती. तिनं उत्तर पाठवलं, 'चेष्टाच होती ना. समजलं.' त्यानंतर आलेला त्याचा एकही फोन तिनं उचलला नाही.

पट्टीनं सगळं झटपट केलं. पाण्याची घसरगुंडी झाली, फिरता पाळणा झाला, भुताचं घर झालं. प्रत्येक खेळापाशी साधी रांग लोखंडी दांड्यांमधून वळणं घेत उभी असायची आणि तनया मान खाली घालून तिच्या बाजूनं पुढं जायची. करडा स्वेटर दिसेल ही भीती. दिसला नाही की त्याहून वाईट वाटायचं. हर्षाली खूश होती. तनयाला मात्र दिवस कुणीतरी भराभर गुंडाळतंय असं वाटत होतं. आता एकच खेळ उरला होता, रोलर कोस्टर. तो झाला की गाडी, घर आणि फोन.

रखवालदारानं दोघींच्या पट्ट्यांना पंच मारला. त्या वाटेनं पुढं गेल्या तर जिन्याखालच्या मोकळ्या जागेत दोन्ही वाटा एकमेकींना येऊन भिडत होत्या, मध्ये फक्त एक लोखंडी दांडा. कोस्टरची गाडी तपासणीसाठी थांबवली होती. पट्टी असो नसो, सगळ्यांना थांबायचं होतं.

दांड्यापलीकडं निनाद उभा होता.

हर्षाली फोनवर स्वतःचे फोटो काढण्यात गुंतली होती. मागं पळायला जागा नव्हती.

"तुम्ही मोठी माणसं," पट्टीकडं बघत तो म्हणाला. हसून म्हणायचं ठरवलं असावं, पण डोळे हसले नाहीत. "आम्ही केव्हाचे उभे आहोत."

"घरी घाई आहे."

"कसली?"

ते तिला इथं सांगायचं नव्हतं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून तिनं विचारलं, "आई कशा आहेत?"

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पडली होती ना... त्याच रविवारी." तो दांड्यावरचा रंग नखानं खरवडू लागला. "आता रोज चालायची चेष्टा करते. रडते मध्येच. बाबा पण तिच्यासोबत चेष्टा करतात."

"निनाद, त्यांना एवढं लागलंय. त्यात चेष्टा कसली करता?"

"मग? करायलाच पाहिजे. डॉक्टर म्हणाले, जितकी जास्त चेष्टा तितकं लवकर बरं वाटेल."

तनयानं दांडा धरला. लोखंड गार होतं. डोक्यात काहीतरी हळूच जागचं हललं, आणि ते पुरतं हलू द्यायला ती घाबरली.

"चेष्टा म्हणजे काय... तुझ्या मते?"

"म्हणजे... कोशिश. कोशिश हिंदी आहे ना, म्हणून मी शुद्ध शब्द वापरतो. हिंदी कमी कर, हे तूच सांगतेस."

"त्याला प्रयत्न म्हणतात."

"आणि चेष्टा?"

"थट्टा. मजाक."

त्याचे ओठ हलत होते. पाठवलेला निरोप तो मनातल्या मनात पुन्हा वाचत असावा. चेहऱ्यावरचा रंग उतरताना तिला दिसला.

"म्हणजे मी तुला लिहिलं की..." तो थांबला. "आणि तू लिहिलंस, चेष्टाच होती ना, समजलं. मला वाटलं, किती समजूतदार आहे ही. प्रयत्न तर केला, असं म्हणतेय. मग फोन का उचलत नाही, तेच कळेना."

तनयाला हसायचं होतं. डोळे भरून आले. ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली आणि दोघंही एकमेकांकडं बघेनात.

तेवढ्यात घंटा वाजली. गाडी सुरू होत होती. "पट्टीवाले आगे आइए," रखवालदार ओरडला. हर्षालीनं हात ओढला. "तनूताई, चल ना, पुढची सीट मिळतेय."

पुढची सीट. दोन गिरक्या, एक उतार, आणि पलीकडच्या दारातून बाहेर. बाहेर बाबा घड्याळ बघत बसलेले.

"हर्षू, तू जा."

"एकटी?"

"जा."

रखवालदारानं पट्टीवरच्या भोकाकडं बोट दाखवलं. "मैडम, पंच हो गया है. अब गईं तो नॉर्मल लाइन में, सबसे पीछे से आना पड़ेगा."

"आएँगे," तनया म्हणाली आणि उलटी फिरली.

निनादचा नंबर आलाच होता. मित्र जिना चढत होते. तो दांड्याखालून वाकून बाहेर आला तेव्हा मागच्या माणसाला राहवलं नाही. "भाईसाहब, अब तो नंबर आ गया आपका."

"आप जाइए जी," निनाद म्हणाला.

रांगेचं शेपूट पार कारंज्यापर्यंत गेलं होतं. दोघं तिथं जाऊन उभे राहिले. ऊन उतरत होतं, वाऱ्याबरोबर कारंज्याचे तुषार गालावर येत होते. तनयाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, पुढच्यांनी जरा सावकाश चालावं. अजिबात चालू नये.

"घाई कसली, ते सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

तिनं सांगितलं. पुणे, रणजित, आज संध्याकाळी कळवायचा होकार.

"कुणाचा होकार?"

"माझा."

"तू दिलास?"

"मी... तुम्ही ठरवा म्हटलं."

 मग त्यानंही सांगितलं. आईचं पडणं आणि हॉस्पिटल यांत घरी बोलणं राहिलं होतं. मागच्या आठवड्यात बोलला. आई म्हणाली, मुलगी तुझा फोन उचलत नाही, मग मी कुठल्या तोंडानं तिच्या घरी जाऊ? आज इथं यायचंसुद्धा त्याच्या मनात नव्हतं, मित्रांनी ओढून आणलं होतं.

रांग दोन पावलं सरकली. दोघंही सरकले नाहीत. मागून कुणीतरी खाकरलं.

"तनया." प्रत्येक शब्द तो जपून उचलत होता. "मला तू हवी आहेस. आज, उद्या, नेहमी. यात कुठला शब्द चुकला?"

"एकही नाही."

"मग?"

"मग काय... आता दुरुस्तीला काही राहिलं नाही ना." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "मलाही. मला दुसरं कुणी नको."

तिचा फोन वाजला. बाबा.

हर्षाली खाली आली होती. तू कुठं आहेस, विचारत होते.

"साध्या रांगेत."

"पट्टी असून?"

"हो. बाबा... निनाद आहे बरोबर. मुरलीपुऱ्याचा."

पलीकडं पाळण्याचं संगीत तेवढं ऐकू येत राहिलं. "मंडळातला? माइकवाला?"

"हो. बाबा, पुण्याला फोन करू नका."

आता संगीतही ऐकू येईना. त्यांनी फोनवर हात ठेवला असावा. मग आवाज आला, चढलेला नाही, उतरलेलाही नाही. "दोघं इकडं या."

रांग सोडून ते निघाले.  बाबांचा राग तनयाला माहीत होता. ते ओरडायचे नाहीत. नुसते गप्प व्हायचे, आणि ते गप्प बसणं कित्येक दिवस घरभर फिरायचं. "हिंदीत बोल," ती म्हणाली. "त्यांना येतं. उगाच परत एखादा शब्द..."

"नाही. हिंदीमागं लपल्यासारखं वाटेल." त्यानं स्वेटर खाली ओढला, केसांवरून हात फिरवला. तोच हात खिशात घातला. मग उद्धट दिसेल म्हणून परत काढला. एरवी ती हसली असती.

उत्तमराव बाकावरून उठले नाहीत. शालनताईंनी आधी मुलीचे डोळे पाहिले, मग मुलाचे बूट. हर्षाली कधी इकडं, कधी तिकडं बघत होती.

निनादनं हात जोडले. "काका, मला तनयाशी लग्न करायचंय. घरी सांगितलंय. आईला अजून चालता येत नाही, नाहीतर तीच आली असती."

 उत्तमराव तनयाकडं वळून म्हणाले, "मला तर म्हणालीस, तुम्ही ठरवा."

"चुकलं. तेव्हा ठरवायला काही नाही असं वाटलं होतं." तिचा आवाज फुटला, तरी तिनं वाक्य संपवलं. "आता मी ठरवलंय, बाबा."

"अहो, पण रणजितच्या घरी काय सांगायचं?" शालनताई हळूच म्हणाल्या.

"जे खरं आहे ते." उत्तमरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. पुसायला एवढा वेळ लागत नाही, हे तनयाला माहीत होतं.  "होकार कळवून मग फिरवला असता, तर तोंड दाखवायला जागा नव्हती. त्या माणसांचा तरी काय दोष? मी बोलेन त्यांच्याशी."

मग त्यांनी निनादला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मूळ गाव कुठलं तुमचं?"

निनादनं एकदा तनयाकडं पाहिलं. "अचलपूर. अमरावतीकडं."

"चौकशी करायला तिकडं आपलं कुणीच नाही," उत्तमराव शालनताईंना म्हणाले. तक्रारीच्या सुरात.

शालनताईंनी बाकावरची डब्यांची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मध्ये एका माणसापुरती जागा केली.