कानांचा तास

राजधानीपासून बसने तासाभरावर राष्ट्रीय उद्यान आहे. तिकीट-खिडकी, नकाशाचा फलक, झाकणाच्या कचरापेट्या, आणि त्यापुढे एकदम दाट झाडी. टेकडीवर उभं राहिलं की शहरातल्या उंच इमारती दिसतात. टेकडी उतरली की त्यांचा विसर पडतो. शाळेत शिकवत होतो तेव्हापासून मी मुलांना तिथे नेत आलो आहे. निवृत्त झाल्यावरही वसाहतीतली मुलं गोळा करून दर वर्षी नेतो.

या खेपेला माझ्या मनात खरी होती ती माझी नात. घरात तिला सगळे मुंगी म्हणतात. मागच्या सहलीत ती याच उद्यानात चुकली होती. वनरक्षक बाईंना ती दिवस मावळायच्या आत सापडली, तळ्यापलीकडे एका झाडाखाली, शांत बसलेली. साधं खरचटलंही नव्हतं. पण तेव्हापासून डोक्यावर कुणाचा तरी हात असल्याशिवाय ती डोळे मिटेना. माझी लेक तिच्या उशाशी बसून असायची. हात जरा हलला की मुंगी टक्क जागी. लेकीचा चेहरा पार ओढून गेला होता.

"बाबा, पुन्हा तिथेच नेताय तिला?"

"भीती तिथे बसली मनात. तिथेच जाईल."

"तुम्ही मास्तर आहात, डॉक्टर नाही," ती म्हणाली. डबा मात्र भरून दिला.

तळ्याकाठी माझा एक ठरलेला तास असतो. मुलं त्याला कानांचा तास म्हणतात. सगळ्यांनी गोल करून, एकमेकांकडे पाठ करून बसायचं आणि डोळे मिटायचे. नवा आवाज ऐकू आला की एक बोट दुमडायचं. मग मी हळूच उठतो आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवतो. हात पडला की त्याने डोळे उघडायचे, तोवर नाही. सुरुवातीला मीही त्यांच्यात डोळे मिटून बसतो. मास्तर बघतोय असं वाटलं की मुलं ऐकत नाहीत, नुसती ऐकल्यासारखं करतात.

मुंगीला मी शेजारी घेतलं. तिने माझी बाही घट्ट धरली.

"आजोबा, सगळ्यांत आधी माझ्या डोक्यावर."

"कबूल."

मी डोळे मिटले. पानांची सळसळ ऐकू आली. दूर घाटात बसचा गिअर बदलला. एका पक्ष्याने दोनदा तोच प्रश्न विचारल्यासारखा आवाज काढला. तळ्यात काहीतरी हललं, आणि पाणी काठाला येऊन टेकलं. तेवढ्यात मुंगीने माझी बाही सोडली. मला बरं वाटलं. भीती चेपतेय, म्हटलं.

मग पक्षी थांबले. मी डोळे उघडले.

वळून पाहिलं, तर बाकीची सगळी मुलं डोळे उघडे ठेवून बसली होती.

"काय रे, मी अजून उठलोही नाही. लबाडी?"

"लबाडी तुमचीच, सर," पुढचे दात पडलेला एक म्हणाला. "हात तरी पुसायचा ना आधी. डोकं भिजवलंत माझं."

मुलं हसली. "माझंपण," असं आणखी दोघंतिघं म्हणाली. मी माझे तळवे पाहिले. कोरडे होते.

मग मुलांची डोकी पाहिली. प्रत्येकाच्या टाळूवरचे केस ओले होते. आमच्याभोवतीच्या मऊ मातीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मुंगीचे डोळे अजून मिटलेले होते. ती हसत होती.

"मुंगी, उघड डोळे."

"थांबा ना, आजोबा. अजून हात काढला नाही."

वारा सुटला होता. तिच्या कानांवरच्या बटा उडत होत्या. टाळूवरचे केस हलत नव्हते. ते चपटे दबलेले होते.

मी हात पुढे केला. तिच्या डोक्यापर्यंत नेववला नाही.

थोड्या वेळाने ते केस हळूहळू वर आले.

मुंगीने डोळे उघडले. "मागच्या वेळी हाच होता," ती म्हणाली, आणि डबा मागू लागली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला टेकून गाढ झोपली. मी तिला हातही लावला नव्हता.

लेक आता खुशीत आहे. "बाबांनी जादूच केली," असं येईल त्याला माझ्यादेखत सांगते. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर निवांत झोपते. मुंगीची उशी सकाळी ओली असते, तर म्हणते, पोरीला घाम फार येतो.

मी ती उशी उन्हात वाळत घालतो. जन्मभर मुलांना सांगत आलो की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं.

दुपारी जेवून आडवा होतो, पण डोळे मिटवत नाहीत. काल मुंगी दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"झोप येत नाही ना, आजोबा?" तिने मायेने विचारलं. "तुमच्याकडे पाठवू?"