चावीवाल्याचे जोडे

दिवा घालवा म्हणालात, घालवला. आता मध्ये कुणी खिदळलं तर गोष्ट तिथेच बंद, उरलेली ज्याची त्यानं स्वप्नात ऐकायची.

ही ऐकीव नाही बरं का. आपल्या चष्मेवाल्याच्या घरी घडलेली आहे. तोच तो, कोपऱ्यावरच्या दुकानातला, ज्याच्या भिंतीवरची अक्षरं पाठ करून तुम्ही डोळे तपासायला बसता. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. कुणाला नको ते दिसलं तर त्याचा नंबर वाढलाय, एवढंच त्याला ठाऊक.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. त्याचे बाबा अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी हात टेकले होते. ‘आता घरीच असू द्या, एखाददुसरा दिवस,’ म्हणाले होते. पण बाबांचा जीव कशात तरी अडकला होता. अन्न सुटलेलं, पाणी चमच्यानं, आणि तरी मधूनच डोळे उघडून एकच प्रश्न, ‘लागला का पत्ता?’

पत्ता कुणाचा, तर त्यांच्या वडिलांचा. म्हणजे चष्मेवाल्याच्या आजोबांचा. आजोबा पाणीखात्यात चावीवाले होते. रात्री सगळे झोपले की हातभर लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचं, जमिनीखालच्या हौदात उतरायचं, आणि कुठल्या गल्लीचं पाणी सोडायचं, कुठलं बंद करायचं ते बघायचं, हे त्यांचं काम. बाबा सहा वर्षांचे असताना एका रात्री आजोबा कामावर गेले, ते गेलेच. खातं म्हणालं, पळाला. शेजारपाजार म्हणाला, दुसरीकडे बिऱ्हाड केलं. शाळेत बाबांना नाव पडलं, ‘पळपुट्याचं पोर’. त्या माणसानं आयुष्यभर ते ऐकून घेतलं. कधी उलट शब्द काढला नाही.

तर त्या मंगळवारी चष्मेवाल्यानं दुकान उघडलं नाही. बायकोला म्हणाला, ‘तू बाबांपाशी बस, मी पाणीखात्यात जाऊन येतो.’ साधं काम. जुने कागद बघायचे आणि घरी यायचं.

दप्तरखान्यातल्या बाईंनी आधी दाद दिली नाही. ‘अर्ज करून ठेवा, पंधरा दिवसांनी या.’

‘बाई, पंधरा दिवसांनी मला विचारणारा माणूसच राहणार नाही हो,’ असं म्हणून हा तिथल्या बाकावर चक्क रडायला लागला. पन्नाशीचा बाप्या! बाई उठल्या. शिडी लावून स्वतः वरच्या फळीवर चढल्या, गठ्ठे खाली घेतले, आणि दोघांनी मिळून दुपारपर्यंत धूळ खाल्ली. शेवटी पान सापडलं. रात्रपाळीचा चावीवाला सकाळी हजर नाही, चावीही नाही, फरार. इथवर घरातली गोष्ट आणि कागद एकच सांगत होते. पण त्याच पानावर, त्याच तारखेला, खाली आणखी एक नोंद होती. पंपघरामागचा जुना हौद कायमचा बंद केला, तोंडावर काँक्रीटची लादी घातली.

त्याच सकाळी.

चष्मेवाल्यानं दोन्ही ओळींवर बोट ठेवून तारीख पुन्हा वाचली. बाईंच्याही लक्षात आलं. त्या म्हणाल्या, ‘मागच्या गल्लीत आमचे निवृत्त नळवाले काका राहतात. त्यांचे वडील तेव्हा हौदांवर काम करणाऱ्या टोळीत होते. जा, विचारून तरी बघा.’

नळवाले काकांनी ऐकलं आणि हसण्यावारी नेलं.

‘छे, छे! भलतंसलतं मनात आणू नका. ती लादी माझ्याच वडिलांनी घातली. आमच्यात एक रीत होती. हौदात उतरताना जोडे काढून तोंडाशी ठेवायचे, टोकं आतल्या बाजूला. जोडे दिसले की समजायचं, माणूस आत आहे. मग मोठा साहेब येऊन नाचला तरी झाकण लावायचं नाही.’

‘आणि जोडे नसले तर?’

‘तर आत कुणी नाही. त्या सकाळी जोडे नव्हते. वडील मरेपर्यंत छातीवर हात ठेवून सांगायचे. तुमचे आजोबा पळाले हो, नक्की पळाले!’

स्वतःचा आजोबा पळपुटा निघाल्याचा एवढा आनंद जगात कुणाला झाला नसेल. चष्मेवाला जवळजवळ धावत घरी आला. संध्याकाळ झाली होती. बाबांच्या उशाशी बसला, हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. हौद, लादी, जोड्यांची रीत. ‘बाबा, जोडे नव्हते तिथे! म्हणजे ते आत नव्हते. कुठेतरी जगले असतील. आता निश्चिंत व्हा.’

बाबांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

‘माळ्यावर,’ ते म्हणाले, ‘पत्र्याची पेटी.’

पेटीत कापडात गुंडाळलेले जोडे होते. मोठ्या मापाचे, चामडं वाळून लाकडासारखं झालेलं, नाड्या सुटलेल्या.

‘मला ताप होता त्या दिवशी. जाऊ नको म्हटलं, तो ऐकेना. मग मी जोडे लपवले. म्हटलं, जोड्यांशिवाय कसा जाईल...’ बाबांना धाप लागली. ‘कंदील घेऊन शोधत होता रे सगळीकडे. मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. हसू आवरत होतो.’

‘मग?’

‘उशीर झाला त्याला. गेला... अनवाणीच.’

आता आलं ध्यानात? रीत बाबांना लहानपणापासून माहीत होती. त्यांच्या बापानंच सांगितली होती. बाप पळालाय, कुठेतरी जगलाय, एवढं कुणीतरी कागदावर दाखवावं, म्हणून ते पत्ता विचारत होते. पळपुट्याचं पोर हे नाव त्यांना चालत होतं. दुसरं जे नाव त्यांनी स्वतःला दिलं होतं, ते चालत नव्हतं. आणि पोरानं ‘जोडे नव्हते’ ही नेमकी त्याचीच साक्ष आनंदानं घरी आणली होती.

बाबांनी त्याचं मनगट धरलं. मरणाऱ्या माणसाची पकड, पण सुटेना.

‘जोडे ठेवून ये. तोंडाशी. तो आत आहे... कुणाला तरी कळू दे.’

काय करणार? बायको म्हणाली, ‘जा तुम्ही. त्यांचा जीव बघवत नाही.’ रात्री साडेअकराला तो जोडे काखेत मारून निघाला. पाणीखात्याचं फाटक उघडंच होतं, रखवालदार खुर्चीत घोरत होता. पंपघरामागे आता भंगार टाकतात. फुटके पाइप, गंजलेले पंप. मोबाइलच्या उजेडात त्यानं गवत बाजूला केलं. लादी सापडली. भरीव, गार, कडेला शेवाळ धरलेलं.

त्यानं जोडे ठेवले. टोकं आतल्या बाजूला.

हात जोडावेत की काय, त्याला कळेना. उगाच म्हणाला, ‘आजोबा, जोडे ठेवलेत.’ स्वतःचंच त्याला हसू आलं. वळला.

टण्ण.

लोखंडावर लोखंड. खालून.

पंपाचा असेल, म्हणाला. पण पंप तर बंद होते.

टण्ण... टण्ण.

तो गुडघ्यांवर बसला. लादीला कान लावला. खाली पाणी हलत होतं. आणि कुणीतरी बोललं. बसलेला आवाज. खूप दिवस कुणाशी न बोललेल्या माणसाचा.

‘वर... जोडे दिसतायत ना?’

भीती वाटली का, म्हणून मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, ‘नंतर. आधी फार वाईट वाटलं.’ त्यानं लादीच्या कडेत बोटं घातली आणि ओढायला लागला. चार माणसांना न हलणारी लादी! नखं उलली. रक्त आलं. ‘दिसतायत!’ तो ओरडत होता. ‘दिसतायत, आजोबा! या वर! या!’

ठोके थांबले.

सगळं गप्प...

मग पायऱ्यांचा आवाज. हौदाच्या भिंतीत लोखंडी पायऱ्या असतात ना, तो. एक पाऊल. थांबून दुसरं. ओलं. अनवाणी. वर येणारं. आणखी वर.

अगदी लादीखाली येऊन थांबलं.

त्याच्या तळहाताखाली लादी गार होती. ती... ऊबदार झाली.

आता मात्र त्याची पाचावर धारण बसली. जीव मुठीत धरून पळत सुटला तो घरापर्यंत. मोबाइल तिथेच पडला. जोडे तिथेच राहिले.

दार बायकोनं उघडलं. त्याच्याकडे बघतच राहिली.

‘तुम्ही परत बाहेर कधी गेलात?’

‘परत?’

‘मघाशी आलात ना. मी स्वयंपाकघरात पाणी तापवत होते. दार वाजलं, जोडे वाजले, तुम्ही बाबांच्या खोलीत गेलात. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, म्हणून मी मध्ये आले नाही.’

‘काय बोलत होते?’

‘शब्द कळले नाहीत.’ ती म्हणाली. ‘पण लहान मुलासारखे बोलत होते हो. लाडात.’

तो खोलीपाशी गेला. बाबा गेले होते. हाताला अजून ऊब होती. डोळे मिटलेले, ओठ घट्ट दाबलेले. झोपेचं सोंग घेतलेल्या पोराला हसू आवरत नाही, तसे.

आणि खोलीच्या उंबऱ्याबाहेर जोडे. तेच. नाड्या बांधलेल्या. पाणी निथळत होतं. टोकं... आतल्या बाजूला.

त्यानं त्या खोलीचं दार आजवर लावलेलं नाही. आता वर्ष होत आलं. परवाच मी त्याला म्हटलं, ‘अरे, पुरे झालं, उचल की ते जोडे.’

चष्मा पुसत होता. मान वर न करता म्हणाला, ‘उचलले असते हो काका. पण ते अजून ओले आहेत.’