मेडूसाची आखणी

अवंतीला शाळेच्या गॅदरिंगसाठी मातीचं एक मुंडकं हवं होतं, एवढंच काम होतं. अवंती माझी भाची, इथे देवासच्याच एका शाळेत शिकवते. यंदा तिने मुलांकडून ग्रीक कथांचं नाटक बसवलं होतं.

आमचे वडील पेणहून इथल्या एका फॅक्टरीत लागले आणि सुट्टीच्या दिवशी गणपती करू लागले. त्यांची मूर्तींची शेड आता माझा धाकटा भाऊ, अवंतीचा बाप अशोक चालवतो. पाटीवर नाव त्याचं. मूर्तींची आखणी, म्हणजे डोळे रंगवणं, चाळीस वर्षं माझ्याकडे. गिऱ्हाईक मूर्तीकडे बघून हात जोडतं आणि अशोकची पाठ थोपटतं. मी तेव्हा मागे ब्रश धूत असते.

दिवाळीनंतर अशोकने जाहीर केलं, पुढल्या सालापासून डोळे छापाने मारायचे.

"ताई, तुझा हात कापतो आता. लोक बोलतात."

"कोण बोललं?"

"छोड ना. ये मुंडकं कर, मग आराम."

कुणीही बोललेलं नव्हतं. मला ठाऊक होतं, त्यालाही. पण डोळे काढून घेतले तर माझ्याकडे उरतं काय, हे त्याला विचारावंसंही वाटलं नाही.

मी शाडू मळत होते तेव्हा अवंतीने गोष्ट सांगितली.

"मेडूसा आधी सुंदर होती, आत्या. देवळात एका देवाने तिच्यावर जबरदस्ती केली. मग त्या देवळातली देवी भडकली."

"देवावर?"

"नाही ना, हिच्यावर. केसांचे साप करून टाकले. जो हिच्या डोळ्यांत बघेल तो दगड होणार. मग एक हीरो आला आणि हिचं डोकं कापून घेऊन गेला."

"लढून?"

"झोपेत. ढालीत हिचं प्रतिबिंब बघत बघत."

मी माती मळत राहिले. असल्या हिरोंची नावं आमच्याकडेही पाटीवर लागतात.

आमच्या शेडमध्ये वडिलांचा एक नेम होता. आखणी संपली की मूर्तीसमोर आधी आरसा धरायचा. तिची पहिली नजर तिच्या स्वतःवर पडली पाहिजे, माणसावर नाही. आखताना आपण बाजूला बसायचं आणि आरसा दाखवल्याशिवाय कुणी समोर जायचं नाही. त्या संध्याकाळी मी दोन्ही डोळे आखून संपवले. आयुष्यात इतके चांगले डोळे आखले नव्हते. मी खुंटीवरचा आरसा काढला, तेवढ्यात अशोक दारात आला.

"राक्षसिणीला कसला आरसा? नौटंकी नको करू, ताई."

मी आरसा परत खुंटीला लावला आणि मुंडक्यावर जुनी ओढणी टाकली. त्याचं ऐकायची मला सवयच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला शाळेला फोटो पाठवायचा म्हणून अशोक मोबाईल घेऊन शेडमध्ये गेला. मी मागच्या नळावर ब्रश धूत होते. शेजारची पिठाची गिरणी बंद पडली आणि एकदम सगळं शांत झालं. ओल्या मातीचा वास आला, खोल विहीर खणताना येतो तसा. नळाची धारही बारीक झाली.

"ताई..."

"काय रे?"

"ही... ही माझ्याकडे..."

मग अगदी हळू, ओठ न हलवता बोलल्यासारखं, "आरसा... आण..."

आरसा माझ्यापासून चार पावलांवर होता. माझ्या हातात तीन ब्रश होते. खोटं कशाला सांगू? मी तिन्ही ब्रश साबण लावून धुतले, निथळत ठेवले आणि मग आत गेले.

तो उभा होता. मोबाईल धरलेला हात तसाच वर. ओढणी त्याच्या पायाशी पडली होती, ती मी मान फिरवून मुंडक्यावर परत टाकली. उचलायला चार माणसं लागली आणि चौघंही म्हणाले, केवढा जड आहे. डॉक्टरांनी लकवा सांगितला. असेल. मी वाद घातला नाही.

मुंडकं न्यायला अवंती रडतच आली. ओढणी काढून तिने माझ्याकडे पाहिलं.

"आत्या... तुम्ही डोळे रंगवलेच नाहीत?"

डोळ्यांच्या जागी कोरी माती होती. रंगाचा डागही नव्हता.

अशोक पुढच्या खोलीत पडून असतो. श्वास चालतो, डोळे उघडे असतात. चौथ्या दिवशी त्याचं तोंड पुसताना फडक्याला काळं लागलं. मी चष्मा लावून वाकले. त्याच्या दोन्ही पापण्यांवर रेघ होती, एका दमात ओढलेली, टोकाला किंचित उचललेली. ते वळण माझ्याच हातचं आहे, दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. आणि रेघ कुठेही कापलेली नाही.

पाच महिने झाले. मी रोज बोट लावून बघते. रंग अजून ओला आहे.