आवरदोराने दिलेली ढील

रोज सकाळी कामावर चढण्याआधी कांचन हाक्के खुंटीवरच्या आपल्या दोरावर हात ठेवायची, आणि तो दोर किंचित आखडायचा. करड्या रंगाचा, मनगटाएवढा जाड. तिच्या तळहाताची ऊब लागली की अंगातल्या अंगात पीळ घ्यायचा आणि मग सैल पडायचा. ओळख पटली, एवढाच त्याचा अर्थ. मग ती तो कमरेच्या पट्ट्याला मागच्या बाजूने अडकवायची आणि पाळण्यात शिरायची.

पाळणा वर जायला बराच वेळ लागे. जतच्या पूर्वेला, जिथे पूर्वी बाभळी आणि कुसळांशिवाय काही उगवत नव्हते, त्या माळावर आता मैलभर काचेचे छत पसरले होते आणि त्याच्या मधोमध पाऊण किलोमीटर उंचीचा पोकळ मनोरा उभा होता. उन्हाने काचेखालची हवा तापायची, वाट मिळेल तिकडे धावायची आणि शेवटी मनोऱ्यातून वर झेपावताना बुडातले पंखे फिरवून जायची. साऱ्या तालुक्याला वीज त्या वाऱ्यातून मिळे. लोक त्याला वारामनोरा म्हणत.

मनोऱ्याच्या माथ्यावर बैलगाडी फिरेल एवढ्या रुंदीचे गोल कडे होते, आणि त्याच्या मधोमध एक लोखंडी रूळ होता; वर आल्यावर दोराचे दुसरे टोक त्याला अडकवायचे. आतल्या बाजूला तोंडावर जाळी होती. बाहेरच्या बाजूला मात्र काहीच नव्हते. कठडा बसवला की वारा त्यात अडून शीळ घालायचा आणि सबंध मनोरा थरथरायचा, म्हणून कठडा काढून टाकला होता. त्या उघड्या काठालगत दिवे, वाऱ्याची यंत्रे आणि विजेचे सांधे होते. त्यांची देखभाल कांचनच्या टोळीकडे होती. टोळीचा मुकादम इलाही मुजावर; सगळे त्याला इलाहीचाचा म्हणत.

उंचीचे काम कांचनच्या घरात नवे नव्हते. तिचे वडील मायाप्पा मोबाइलच्या मनोऱ्यांना रंग द्यायचे. एकदा पाय निसटला. छाती-मांड्यांच्या पट्ट्याने आणि दोराने त्यांना बरोबर झेलले, पण खाली उतरवायला माणसे येईपर्यंत ते त्या पट्ट्यात लोंबकळत राहिले. मांड्यांत पट्टे रुतले, पायांतले रक्त वर फिरेना, आणि उतरवले तेव्हा श्वास संपला होता. अंगावर ओरखडाही नव्हता. शाळेतून धावत आलेल्या कांचनला कितीतरी दिवस कळत नव्हते, की जो माणूस जमिनीवर पडलाच नाही तो मेला कसा.

म्हणून आवरदोर तिला पहिल्या दिवसापासून पटला. पडल्यावर झेलणे हे त्याचे कामच नव्हते. माणसाला काठापर्यंत जाऊ न देणे, हे त्याचे काम. साध्या, ठरावीक लांबीच्या दोरानेही ते साधते. पण गोल कड्यावर एका जागी पुरणारा दोर दुसरीकडे तोकडा पडतो, मग लोक वैतागून आकडा सोडतात. सौमित्र दांडेकर या तरुण अभियंत्याने त्यावर तोड काढली. त्याचा दोर स्नायूसारख्या तंतूंचा होता. वीज मिळाली की तंतू आखडत, वीज थांबली की सैल होत. काठ कुठे आहे ते दोराला ठाऊक असे. पट्ट्यातून माणसाची नाडी, श्वास आणि पायांतला ताण तो जोखत राही, आणि दिवसागणिक त्या माणसाची चाल शिकत जाई. नियम मात्र एकच होता आणि तो मोडता येणार नाही असा घातला होता: काठ एका हातावर आला की दोर थांबलाच पाहिजे.

एप्रिलमधल्या त्या दुपारी सौमित्र पहिल्यांदाच माथ्यावर आला. दोर वर्षभर नीट चालले होते, आणि आपले काम प्रत्यक्ष पाहावे असे त्याच्या मनात होते. पाळण्याबाहेर पाऊल टाकले आणि तो जागच्या जागी थबकला. खाली काचेचे छत तळ्यासारखे लखलखत होते. घारी पायांखाली फिरत होत्या.

"घारींची पाठ कधी पाहिली नव्हती मी," तो म्हणाला.

"आम्हीपण इथं येईपर्यंत पोटच बघितलं होतं, सर," कांचन हसली.

आभाळ निरभ्र होते. वारा नेहमीसारखा जाळीतून वर येत होता, एका सुरात. कांचन एका सांध्याचे झाकण उघडत होती, इतक्यात तिच्या कमरेला हिसका बसला. दोर आखडला होता. ती मागे ओढली गेली, कड्याच्या मधोमध असलेल्या रुळापाशी तिला बसावे लागले, आणि दोर तसाच ताठ राहिला. तिने मान वळवून पाहिले. टोळीतले सगळे तसेच रुळाला खिळून बसले होते. सौमित्रसुद्धा.

"चाचा, काय झालं?"

"माझा दोर सोडंना झालाय पोरी," पलीकडून इलाहीचाचा ओरडला. "सगळ्यांचंच तसं दिसतंय."

सौमित्रने खाली नियंत्रण कक्षाला विचारले. तिथे सगळे काटे जागच्या जागी होते. वारा ठीक, मनोरा ठीक. "दोरांच्या आज्ञावलीत काहीतरी अडकलंय," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "दोरांना वीज देणारी वरची पेटी बंद करून परत सुरू केली की सुटतील." पेटी काठाच्या अलीकडे होती. तिथपर्यंत जायचे तर त्याला स्वतःचा आकडा सोडावा लागणार होता, आणि माथ्यावर असताना तो सोडायची किल्ली फक्त त्याच्याकडे होती. माणसे उन्हात बांधून पडलेली त्याला बघवेनात. कांचनलाही त्यात काही वावगे वाटले नाही. पेटी चांगली दोन पावले आत होती. सौमित्रने किल्ली फिरवली, आकडा काढला आणि वाकून चालत निघाला.

तेवढ्यात मनोरा घुमला.

आधी तळपायांना कळले, मग कानांना. खाली कुठेतरी माळावर उठलेली वावटळ काचेखाली शिरली होती, आणि मनोऱ्याच्या पोकळीतून गरगरत वर चढत होती. नियंत्रण कक्षाच्या काट्यांना ती दिसायच्या आत ती माथ्याशी पोचली. जाळीतून धुळीचा एक खांब उसळला आणि चढतच गेला. वाळकी पाने, कुसळे, काटक्या, कुणाची तरी निळी ओढणी, सगळे एकमेकांभोवती फिरत आभाळात निघाले होते. उतरत्या उन्हाने तो खांब सोन्यासारखा पेटला. एवढे मोठे काहीतरी एवढ्या जवळून जाताना पाहून कांचनला क्षणभर भीतीसुद्धा आठवली नाही. तिने तोंड उघडून फक्त वर पाहिले.

मग तिला किंकाळी ऐकू आली.

वाऱ्याच्या त्या फिरत्या धक्क्याने सौमित्रला उचलून आपटले होते आणि तो काठाकडे घसरत चालला होता. धरायला काही नव्हते. पाय बाहेर गेले, कंबर बाहेर गेली, आणि काठाच्या बारीक लोखंडी पट्टीला दोन्ही हातांनी धरून तो लटकला. कांचनला फक्त त्याची बोटे आणि पांढरे पडलेले कपाळ दिसत होते.

तिने पुढे झेप घेतली. दोराने तिला धरलेले आहे, हे ती विसरूनच गेली होती. आणि दोर सैल झाला. ती पोटावर सरपटत पुढे गेली, दोर मागून येत राहिला. काठ एका हातावर आला. रोज जिथे ठाम थांबायचा तिथे दोर थांबला नाही. तिची छाती काठावर आली, खांदे काठाबाहेर गेले. खाली मैलभर काच चकाकत होती. तिने सौमित्रच्या पट्ट्याची वादी मुठीत पकडली, दुसऱ्या हाताने त्याचे मनगट.

"सर, सोडा पट्टी! मी धरलंय!"

त्याने हात सोडले. त्याचा सगळा भार तिच्या खांद्यांवर आला. त्याच क्षणी मागून ओढ लागली. हिसका नव्हता, विहिरीतून भरलेली घागर शेंदावी तशी ती ओढ होती, सावकाश आणि अखंड. दोर दोघांनाही आत घेत होता. इकडे टोळीतल्या बाकी सगळ्यांनी धडपड केली, पण त्यांच्या दोरांनी कुणाला तसूभर हलू दिले नाही.

धुळीचा खांब वर वर जात विरला. वारा पुन्हा एका सुरात वाहू लागला. निळी ओढणी बराच वेळ तरंगत राहिली, आणि दोर एकाएकी सगळ्यांचेच सैल झाले.

संध्याकाळी मनोऱ्याच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली कांचन, सौमित्र आणि इलाहीचाचा असे तिघेच बसले होते. सौमित्रचे कोपर सोललेले होते. त्याने मांडीवर संगणक उघडला होता.

"वावटळीचं मला थोडंफार कळतंय," तो म्हणाला. "सगळे दोर एकाच रुळाला बांधलेत. मनोरा हलला की प्रत्येकाला जाणवतं, आणि एकाचं आखडणं दुसऱ्याला लागतं. कोळ्याला जाळ्याचा धागा हलल्याचं कळतं, तसं ते मिळून ऐकायला शिकले असणार. मी शिकवलं नव्हतं. पण समजू शकतो. तुझ्या दोराचं मात्र समजत नाही. त्याने नियम मोडला, कांचन. मोडताच येणार नाही असा नियम."

"म्हणून तुम्ही इथं बसलाय, सर."

"हो. आणि कंपनीचा निरोप आलाय. नियम मोडणारा दोर माणसाच्या कमरेला बांधता येत नाही. दोर आजवर जे काही शिकलेत ते आज पुसून टाकायचं. सगळ्या दोरांचं."

कांचनने हातातल्या कपाकडे पाहिले. चहावर साय धरली होती. मग ती म्हणाली, "कंपनीचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. मी दोराला काही सांगितलं नव्हतं. नुसतं मनात आलं, की काठाकडे जायचं. ते त्याला अंगातून कळलं, आणि त्यानं जाऊ दिलं. उद्या दुसऱ्या कुणाच्या मनात काठाकडे जायचं आलं, आणि वाचवायला नाही, भलत्याच कारणानं आलं, तर? त्यालाही तो ढील देणार?"



इलाहीचाचाने बशी खाली ठेवली. "नाही देत," तो म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिले.

"माझी बायको शमीम गेली, तिचा चाळिसावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो," चाचा सावकाश बोलू लागला. "कांचन, तू पलीकडच्या बाजूला होतीस. घरी परत जाऊन त्या रिकाम्या खोलीत बसायचं, हे मला सोसवेना. मी हत्यारं खाली ठेवली आणि काठाकडे निघालो. धावलो म्हण. आकडा सोडूनच टाकला असता, पण वर तो सोडायची किल्ली साहेबांकडे. मागनं दोरानं असं आखडून घेतलं, की उभंसुद्धा राहू देईना. काठ लांब होता अजून. नियमाच्या किती आधी धरलं त्यानं मला! बसवलं. मी त्याला शिव्या दिल्या, मग रडलो. रडणं थांबेपर्यंत त्यानं मला धरून ठेवलं. थांबलं, तसा सैल झाला."

"चाचा," कांचन म्हणाली आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "मला का नाही हाक मारली?"

"हाक मारायला आधी माणसाला जगायचं असावं लागतं, पोरी. आज तशी वेळ आली असती तर मारली असती."

सौमित्रने त्या दिवशी चाचाच्या दोराने टिपलेल्या खुणा संगणकावर शोधल्या आणि आजच्या कांचनच्या खुणांशेजारी मांडल्या. दोघांची नाडी तशीच उसळलेली. श्वास तसाच अडकलेला. पोटऱ्यांमध्ये तोच ताण, काठाच्या दिशेला तीच झेप. त्याने त्या पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. शेवटी संगणक त्या दोघांकडे वळवून तो हळूच म्हणाला, "मला यात काहीच फरक दिसत नाही."

पडद्याच्या कोपऱ्यात, दोरांची शिकवण पुसायची का, असा प्रश्न उत्तराची वाट पाहत उभा होता. सौमित्रचे बोट त्यावर येऊन थांबले. पुसले तर दोर उद्यापासून फक्त काठ ओळखतील, चोख ओळखतील. त्याने बोट मागे घेतले, पण संगणक मिटला नाही.

"साहेब," इलाहीचाचाने विचारले, "काठ ओळखायला तुम्ही शिकवलंत त्याला. माणूस कशासाठी काठाकडे निघालाय, हे त्याला कुणी शिकवलं?"