रिकाम्या लाईनला लावलेला कान

ज्यांना पाणी प्यायचंय त्यांनी आत्ताच पिऊन घ्या. मागाहून कोणी नळाला हात लावणार नाही आणि रात्रभर "मामा, घसा सुकला" म्हणत मला उठवाल. प्यालात? मग बसा. मोबाइल पालथे घाला. दार राहू दे उघडं, वारा येतोय.

ही ऐकीव गोष्ट नाही. अर्धी मी माझ्या कानांनी ऐकली आणि अर्धी ज्याच्यावर बेतली त्याने सांगितली. तो अजून आहे. परवाच बाजारात भेटला, वांग्यांवरून घासाघीस करत होता.

मी पाणीखात्यात टाकीवर होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे माझ्याबरोबर एकजण होता, त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याचं काम गळती ऐकण्याचं. जमिनीखाली पाइप फुटला की वर लगेच दिसत नाही, पाणी आतल्या आत मुरत राहतं. मग रात्री रस्ता शांत झाला की हा चेंबरचं झाकण काढायचा, आपली लोखंडी सळई पाइपावर टेकवायचा आणि वरच्या टोकाला लाकडाची वाटी होती, तिला कान लावायचा. फुटका पाइप फुसफुसतो. त्यासाठी मशीनही मिळतं म्हणे, पण आमच्या खात्याचं मशीन कायम दुरुस्तीलाच गेलेलं असायचं.

वाटी दाबून दाबून त्याच्या कानाभोवती गोल लाल वळ उठायचा. सकाळी चहाला आला की आम्ही म्हणायचो, "लागला शिक्का, आता पगार मिळणार."

त्याला एकुलती एक मुलगी. ठकी. मोठी चुणचुणीत. तिला त्या वळाचं भारी कौतुक. सुट्टीच्या दिवशी बापाची सळई पळवायची आणि भिंतीला लाव, फरशीला लाव, झोपलेल्या कुत्र्याच्या पोटाला लाव, असं चालायचं. कानावर वळ उठला की पळत येऊन मला दाखवायची. "काका, मी पण ड्युटी करून आले."

मग ती आजारी पडली. रक्ताचं काहीतरी. डॉक्टरांनी आधी औषधं बदलली, मग सूर बदलला, आणि शेवटी म्हणाले, घरी न्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिची खाट टाकली. आधी चालणं गेलं, मग जेवण, मग बोलणं. नुसती बघायची. त्याची बायको, आमची वहिनी, चमच्याने पाणी पाजायची, ते ओठाच्या कडेने परत यायचं.

कानसेन देवाचं करणारा माणूस. फार गाजावाजा नाही. कामावर निघायच्या आधी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देवापुढे बसायचा आणि एकच वाक्य म्हणायचा, "ऐकतोयस ना?" मग मान जराशी कलती करून बसून राहायचा. पाइपावर बसतो तसाच. थोड्या वेळाने उठून चपला घालायचा. पोरगी खेळत होती तेव्हाही हेच, पोरगी खाटेला खिळली तेव्हाही हेच.

सगळ्या नातेवाइकांनी देव पाण्यात ठेवले होते. कोणी म्हणालं अमक्याकडे ने, कोणी म्हणालं तमक्याचा अंगारा लाव. हा गेला नाही. वहिनी एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "तुमच्या देवाला कान नाहीत हो. सगळे तुम्हालाच दिलेत." त्याने चपला घातल्या आणि सळई उचलली.

मीही चिडून एकदा म्हटलं, "पलीकडून कोणी उचलत नाही, तर फोन लावतोस कशाला?"

तो म्हणाला, "भरलेली लाईन आवाज करत नाही. सगळे नळ बंद असले आणि आत दाबून पाणी असलं, की कान लाव, काही ऐकू येत नाही. आवाज येतो तो फुटलेल्या पाइपाचा."

"आणि रिकामी लाईन?"

त्याने सळईची वाटी शर्टाला पुसली. "ती पण नाही करत," म्हणाला.

आता ते रिकाम्या लाईनचं ऐका. आमच्याकडे एक जुनी रीत होती. बंद पडलेल्या लाईनला कान लावायचा नाही. आम्हाला शिकवणारा मुकादम सांगायचा, "भरल्या पाइपात पाणी असतं. रिकाम्यात काय असतं ते विचारू नका." आम्ही हसायचो. पण कान मात्र कोणी लावत नव्हतं.

तर ती रात्र. फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. अमावास्या बिमावास्या काही नाही, चांगलं चांदणं पडलं होतं. बेकरीच्या चौकात पाण्याला दाब नाही अशी तक्रार आली होती. साधं काम. मी टाकीवर व्हॉल्व्हपाशी, तो चौकात. त्याला म्हटलं होतं, आज रजा टाक, पोरीजवळ बस. तर म्हणाला, "तिथे नुसतं बघत बसवत नाही रे. इथे निदान काहीतरी सापडतं."

त्या चौकात दोन चेंबर शेजारी शेजारी. एक चालू लाईनचं, गोल झाकणाचं. दुसरं जुन्या लाईनचं, चौकोनी. जुनी लाईन कधीच तोडलेली, दोन्ही तोंडं सिमेंटने बुजवलेली. पण महिन्यापूर्वी रस्त्याचं डांबर झालं तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी चेंबरची तोंडं नव्याने बांधली आणि झाकणं उलटीपालटी टाकली. हे कोणालाच माहीत नव्हतं. गोल झाकण दिसलं, ह्याने उघडलं. दुसरा कोणी असता तर आत पाइप तरी निरखून पाहिला असता. ह्याची सवयच वेगळी. हा डोळे मिटून काम करायचा.

सळई टेकवली की आम्ही पान्ह्याने पाइपावर टकटक करतो. पलीकडच्या चेंबरवर दुसरा माणूस असेल तर तोही उलट टकटक करतो. म्हणजे लाईन जुळली. ह्याने टकटक केलं.

उलट टकटक आलं.

सव्वादोनला माझा फोन वाजला. "तू वाजवतोयस का रे?"

म्हटलं, "मी टाकीवर आहे. चहा पितोय."

"मग दुसऱ्या टोकाला कोण आहे?"

"कोणी नाही. आज आपण दोघंच."

तो "बरं" म्हणाला. फोन बंद न करताच त्याने शर्टाच्या खिशात टाकला असावा, कारण मला कापडाची खसखस ऐकू यायला लागली. मी बंद करणारच होतो. तेवढ्यात तो बोलला. माझ्याशी नाही.

"कोण?"

मग काही नाही. मी फोन कानाला घट्ट धरला. दुसरा आवाज नव्हता. पोरांनो, हे लक्षात ठेवा. त्या सगळ्या वेळात मला दुसऱ्या कोणाचाही आवाज आला नाही. त्याचाच यायचा, आणि मध्ये...

"हो. मीच म्हणतो तसं. रोज."

...

"तू ऐकतोस?"

...

मी ओरडलो, "अरे, कोणाशी बोलतोयस?" त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. मी पुन्हा हाक मारली. त्याचं खरं नाव घेऊन.

"ठकी," तो म्हणाला. "माझी मुलगी."

...

"उठेल?"

...

"सकाळी? चालेल? बोलेल माझ्याशी?"

तो रडत होता. इतक्या महिन्यांत मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. माझ्या हातातला कप खाली ठेवायचंही मला सुचेना.

"काय द्यायचं?"

...

...

"ते नको. दुसरं माग. माझं काहीही माग. मलाच घे."

...

मी गाडीला किक मारली. फोन कानाशी, हेल्मेटात खुपसलेला. टाकीपासून चौक लांब नाही, पण त्या रात्री रस्ता संपेना. सगळी दुकानं बंद. कुत्रंसुद्धा नाही. कानात नुसता त्याचा श्वास.

मग तो वेगळ्याच आवाजात बोलला. हे खाली नव्हतं, वर होतं. तोंड वर केलं असावं. "आता तरी बोल," म्हणाला. "एकदाच. हो म्हण, नाही म्हण. काहीतरी बोल रे."

मीही ऐकत होतो. खोटं कशाला सांगू, मीही त्या क्षणी वाट बघत होतो.

काही आलं नाही.

कुठूनही... काही नाही.

"नाही," कानसेन म्हणाला.

आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "नाही."

मी पोचलो तेव्हा तो चेंबरपाशी गुडघ्यांवर होता. वाटीवर कान तसाच. मी खांद्याला धरून ओढला तेव्हा तो मागे कलंडला. मी बॅटरी आत मारली. कोरडा ठणठणीत पाइप. वर कोळ्याची जाळी. सिमेंटने बुजवलेलं तोंड मला तिथूनच दिसलं. मी झाकण पायाने लोटलं, सळई माझ्या गाडीला दोरीने बांधली आणि त्याला मागे बसवलं.

वाटेत त्याने सांगितलं. आतून आधी त्याचंच वाक्य आलं, त्याच्याच आवाजात. ऐकतोयस ना? आणि मग, ऐकतोय. काय हवं ते विचार. पोरगी सकाळी उठून चालेल. बदल्यात एवढंच, की देवाला पुन्हा हाक मारायची नाही. तो ऐकत नाही. मी ऐकतो.

मी म्हटलं, "आणि तू नाही म्हणालास?"

"हो."

"अरे, पण का?" मी असतो तर हो म्हणालो असतो. आजही म्हणेन. तुमच्यापैकी एकाच्या जरी जिवावर बेतलं असतं, तरी मी काय वाट्टेल ते बोललो असतो.

"मला नाही सांगता येत," तो म्हणाला. "तोंडातून हो निघेना. मी खूप जोर लावला रे. निघेना."

पुढे सबंध रस्ता तो माझ्या पाठीला डोकं टेकून बसला होता. धीर देण्यात मी तसा पटाईत, तुम्हाला माहीत आहे. त्या रात्री मी नुसती गाडी चालवली.

घरात दिवा होता. वहिनी दारातच उभी. तिच्याकडे पाहिलं आणि कळलं.

"कधी?" त्याने विचारलं.

"आत्ता. अर्धा तास झाला असेल." मग ती म्हणाली, "अहो, ती बोलली."

तो दाराची चौकट धरून उभा राहिला.

"माझा डोळा लागला होता. तिच्या आवाजाने उठले. स्वच्छ बोलली. 'बाबा, नाही म्हणा.' मी म्हटलं, काय गं, कोणाला? तर पुन्हा म्हणाली, 'बाबा, नाही म्हणा.' आणि मग हसली. आणि मग..." वहिनीने त्याची बाही धरली. "कशाला नाही म्हणायचं होतं हो? काय सांगत होती ती?"

त्याने तिला तेव्हा सांगितलं नाही. पुढे कधी सांगितलं का, मी विचारलेलं नाही.

दुसऱ्या रात्री मी त्याच्याकडे झोपायला गेलो होतो. घर माणसांनी भरलेलं, आणि हा उठून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन बसला. "ऐकतोयस ना?" मान कलती करून बसला. मी दारात उभा राहून बघत होतो. मला त्याचा राग आला, देवाचाही आला, आणि दोघांपुढेही माझं काही चालत नव्हतं. अजून बसतो. परवा वांगी घेताना मी विचारलंच, "बोलला का कधी?" तर म्हणाला, "नाही." आणि पिशवी उचलून चालायला लागला.

चला, झोपा आता. काय? हो, एक राहिलं. ते मी त्यालाही सांगितलेलं नाही. त्याने पाहिलं असेल तर तोही मला बोललेला नाही.

ठकी गेली त्या रात्री वहिनीने तिचे केस सारखे केले. चेहऱ्यावर आलेले होते, ते तिने मागे घेतले. मी खाटेच्या उशाशी उभा होतो, दिवा माझ्या बाजूला होता. ठकीच्या कानाभोवती गोल वळ होता. लाल. ताजा. कितीतरी वेळ दाबून ऐकत बसल्यावर उठतो तसा.

सळई बाहेर माझ्या गाडीला बांधलेली होती.